देव्हाऱ्यातला पासपोर्ट

पस्तीस वर्षांच्या नोकरीत खून, दरोडे, घरफोड्या सगळे पाहिले. तरी आजही विषय निघाला की आधी डोळ्यांसमोर येते ती जूचंद्रमधली एका पासपोर्टची चोरी. कुठल्याही रजिस्टरमध्ये ती चोरी म्हणून सापडणार नाही. का सापडणार नाही, हे आता निवृत्त झाल्यावर सांगायला हरकत नाही. नावे मात्र कुणाचीच सांगणार नाही.

गणपतीला जेमतेम आठवडा उरला होता. वसई तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी वरिष्ठ निरीक्षक होतो. मंडळांच्या बैठका, मिरवणुकीचे मार्ग, विसर्जनाचे तलाव यातून मान वर काढायला फुरसत नव्हती. बुधवारी दुपारी एक नवरा-बायको केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. नवरा शाळेत चित्रकला शिकवणारा, राहणार जूचंद्र. हे गाव रांगोळीसाठी ओळखले जाते. तिथली माणसे जमिनीवर रंगीत पावडरीने माणसाचा चेहरा असा काढतात की बघणारा दोन पावले मागे सरकतो. या मास्तरांना युरोपातल्या एका देशातल्या मराठी मंडळाने गणेशोत्सवात रांगोळी काढायला बोलावले होते. पंधरा दिवसांचा व्हिसा मिळाला होता आणि रविवारी दुपारचे विमान होते. ज्या पासपोर्टात तो व्हिसा चिकटवलेला, तो पासपोर्टच सकाळपासून घरातून नाहीसा झाला होता.

"पासपोर्ट नवा मिळेल साहेब, पण व्हिसा त्याच्यावर आहे," मास्तर म्हणाले. "तो परत मिळेपर्यंत तिकडचे गणपती विसर्जन होऊन जातील."

खरे सांगतो, मला त्यांची कीव आली नाही. माझे साडू बँकेतून निवृत्त झालेले. दर वर्षी कुठल्या तरी देशात जातात आणि रोज सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकतात. बर्फात साडू, बोटीत साडू, ट्यूलिपच्या बागेत साडू. मीही एकदा परदेशात शिकणाऱ्या मुलीच्या पदवीदान समारंभासाठी खात्याची परवानगी काढून पासपोर्ट केला होता, व्हिसाचे कागदही जमवले होते. ऐन वेळी बंदोबस्त लागला आणि रजा रद्द झाली. माझा कोरा पासपोर्ट कपाटात पडून होता आणि इथे एक शाळामास्तर रांगोळी काढायला युरोपात निघाला होता. माझ्या पोटात दुखले. मी गरज नसताना आवाज चढवून विचारले, "एवढी महत्त्वाची वस्तू सांभाळता येत नाही?"

उत्तर बायकोने दिले. "सांभालूनच ठेवलेला साहेब. देव्हाऱ्यान ठेवलेला, हलदकुंकू लावून. कोनाला दाखवला पन नाय, दिष्ट लागते म्हनून."

हकीकत अशी होती. पासपोर्ट सोमवारी कुरिअरने आला. दोघांनी दार लावून तो उघडला, व्हिसाचे पान पाहिले, मास्तरांनी मोबाइलवर त्या पानाचा एक फोटो काढला आणि पासपोर्ट देवासमोर ठेवला. निघायच्या दिवसापर्यंत कुणालाही दाखवायचा नाही, असे दोघांचे ठरले होते. मंगळवारी सकाळी पूजेच्या वेळी तो तिथेच होता. बुधवारी सकाळी नव्हता. मधल्या काळात घरात कोण कोण आले, ते मी विचारले. दूधवाला, शेजारची काकी, मीटर बघायला आलेला माणूस. एवढेच.

मास्तरांना माझ्याकडून पासपोर्ट गहाळ झाल्याचा दाखला हवा होता. तो घेऊन लगेच पासपोर्ट कार्यालयात जायचे त्यांच्या मनात होते. मी त्यांना थांबवले. एकदा पासपोर्ट हरवल्याची नोंद तिकडे झाली की तो रद्द होतो. मग दुसऱ्या दिवशी गादीखाली सापडला तरी त्याच्यावर विमानात बसता येत नाही आणि त्यातला व्हिसाही जातो. अशा घाईत लोकांनी स्वतःचे प्रवास स्वतःच बुडवलेले मी पाहिले होते. "शनिवारपर्यंत कुठेही काही कळवू नका," असे बजावून मी फक्त स्टेशन डायरीला नोंद घेतली. तपासासाठी म्हणून त्या व्हिसाच्या पानाचा फोटो माझ्या मोबाइलवर मागवून घेतला.

तो फोटो तपासासाठी एकदा पाहिला असता तरी चालले असते. मी तो त्या दिवशी चार-पाच वेळा पाहिला. किती दिवस राहता येईल, किती वेळा आत शिरता येईल, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, सगळे वाचले. कोपऱ्यात मास्तरांचा छोटा फोटो होता. त्यांनी दिलेला फोटो रंगीत असणार. तिकडच्या मशीनने तो करडा छापला होता आणि हनुवटीवरून बारीक अक्षरांची एक ओळ गेली होती. आपल्या चेहऱ्यावरून अशी ओळ कधी जाणार नाही, हे मनात आले आणि मी मोबाइल खाली ठेवला.

संध्याकाळी ठाण्याच्या लँडलाइनवर एक निनावी फोन आला. ड्युटीवरच्या महिला हवालदारांनी तो घेतला आणि शब्दन् शब्द लिहून ठेवला. मास्तरांचा पासपोर्ट विरारच्या एजंटाने दाबून ठेवला आहे, त्याच्या दुकानाची झडती घ्या, एवढे सांगून बोलणाऱ्याने फोन ठेवला होता. आमच्या लँडलाइनला नंबर दिसायची सोय नव्हती.

गुरुवारी सकाळी आम्ही विरारला त्या एजंटाच्या दुकानात गेलो. पासपोर्ट, व्हिसा, पॅन कार्ड, विवाह नोंदणी, सगळी कामे एकाच पाटीवर लिहिलेली. पोलीस पाहून त्याला घाम फुटला, पण पाच मिनिटांत तो सावरला. कुरिअर थेट मास्तरांच्या घरी गेल्याची पावती त्याने दाखवली. वर मला चार गोष्टी शिकवायलाही लागला.

"साहेब, टुरिस्ट किंवा व्हिजिटर व्हिसा असतो ना, तिथे समोरचा एकच गोष्ट चेक करतो. हा माणूस रिटर्न येणार का? निमंत्रणाचं पत्र पाहिजे, राहायची सोय पाहिजे, परतीचं तिकीट, इन्शुरन्स, सगळं पाहिजे. पण मेन काय? इकडे तुमचं काय आहे? नोकरी, रजेचा कागद, फॅमिली. मास्तरांचं एकदम पक्कं होतं. परमनंट नोकरी, शाळेचं लेटर, बायको, मुलगी कॉलेजात. तिकडे उतरल्यावर पण परत हेच पेपर मागतात, म्हणून मी त्यांना फाइल हँडबॅगेत ठेवायला सांगितली. त्यांच्या पार्टनरचंच झालं नाही ना."

"कुठला पार्टनर?"

"म्हणजे तुम्हाला बोलले नाहीत? दोघांचे अर्ज होते. तो दुसरा रिजेक्ट झाला. सिंगल माणूस, पगार नाही, जे काम करतो त्याचा कागद नाही. तो परत येणार नाही असं त्यांना वाटणार ना. कलाकार मोठा आहे म्हणतात. पण कलेचा रकाना नसतो साहेब फॉर्ममध्ये."

मास्तरांनी ही गोष्ट माझ्यापासून लपवली होती. तक्रारदार एखादी गोष्ट सांगायची विसरतो, तेव्हा बहुतेक वेळा ती त्याला टोचत असते. परतीच्या वाटेवर जीपमध्ये हवालदार बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्या मूळच्या वसईतल्याच सांडोर गावच्या. वसईत दर चार मैलांवर बोली बदलते आणि त्यांचा कान त्यात तयार होता. "साहेब, कालचा फोनवाला विरारचा नाही आणि आमच्या सांडोरकडचा पण नाही. 'दुकानात' नाही, 'दुकानान हाय' बोलला तो. हा नायगाव-जूचंद्रचाच माणूस." काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी आमची गत झाली होती. हे मला आधी सुचले नाही आणि बाईंना सुचले, याचाही मला थोडा रागच आला.

मी मास्तरांच्या घरी फोन लावला. बायकोला विचारले, मंगळवारी नवऱ्याचा रांगोळीतला जोडीदार घरी आला होता का?

"आलेला ना, दुपारी. रांगोलीची चालन मागाला. मी मागं कपडे धुवाला होती."

"मग काल का नाही सांगितलं?"

"तुमी इचारला घरान कोन आला. तो तर घरचाच हाय."

शुक्रवारी सकाळी मी आणि हवालदार बाई साध्या कपड्यांत त्या जोडीदाराकडे गेलो. गावाभोवती नव्या इमारतींचे टॉवर उभे राहत होते, पण त्याचे घर जुन्या वस्तीत, कौलारू. ओट्यावर बसून तो पांढरी रांगोळी चाळत होता. कोपरापर्यंत हात पांढरे. पन्नाशीचा, हडकुळा, लग्न न केलेला माणूस. पाट्या रंगवायच्या, लग्नमांडवात रांगोळ्या काढायच्या आणि उरलेल्या दिवसांत चेहरे काढायचा सराव करायचा, असे त्याचे आयुष्य. घरात एक अर्धवट चेहरा जमिनीवर होता, एका म्हातारीचा. कपाळावरच्या सुरकुत्या पाहून मी दारातच थबकलो. सांगायला लाज वाटते, पण त्याचाही मला हेवा वाटला. एवढे काही माझ्या हातून कधी झाले नव्हते.

मी चौकशीला नेहमीच्या पद्धतीने सुरुवात केली. ज्याच्यावर संशय असतो त्याला थेट त्या गोष्टीबद्दल विचारायचे नाही. त्याच्या कामाबद्दल विचारायचे. माणूस आपल्या कामाबद्दल बोलायला लागला की पहारा ढिला होतो. कातडीचा रंग कसा बनवता, सावली कशी धरता, असे विचारत गेलो. तो खुलला. मग मास्तरांचा विषय निघाला.

"तो बरा काढतो," तो म्हणाला. "साडी काढंल, दागिने काढंल, मागची भिंत काढंल. तोंड नाय जमत."

"परदेशी लोकांना चालेल की. त्यांना कुठे एवढं कळतंय?"

"त्यांना काय कलतं?" तो एकदम तापला. "रंगीत फोटो देला, तं करडा करून टाकला. नाकाच्या बाजूची सावली गेली, गाल सपाट केला. वरतून हनुवटीवरनं बारीक अक्षरांची लाइन मारली. तोंडावरनं कोन लाइन मारतं? असा तोंड पायजे त्यांना, तं मग माजी काय गरज."

हवालदार बाईंनी माझ्याकडे पाहिले. मग मी विचारले, "तुम्ही आजवर कुणाकुणाचा व्हिसा पाहिलाय?"

"कोनाचा बघंल? आमचे गल्लीन कोन जातं परदेशी."

हे बोलून तो थांबला. हातातली चाळण हलायची बंद झाली. कुरिअरने आल्यापासून ते पान तीनच जणांनी पाहिले होते. मास्तर, त्यांची बायको आणि मी. दुसऱ्या कुणा चोराने दिवस पाहिले असते, तारीख पाहिली असती. याने नाकाची सावली पाहिली होती. आणि खरे तर मलाही ते ध्यानात आले, कारण मी स्वतः तो चेहरा गरजेपेक्षा जास्त वेळा न्याहाळला होता.

त्याने फार ताणले नाही. विरारच्या एजंटाचे नाव सांगणारा फोनही आपणच केला, हे कबूल केले. उठून आत गेला, कोपऱ्यातल्या रांगोळीच्या गोणीत खांद्यापर्यंत हात घातला आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला पासपोर्ट बाहेर काढला. माझ्यासमोर धरला.

मी हात पुढे केला नाही. कारण सांगतो. तो पासपोर्ट मी हातात घेतला की दोन पंच बोलवायचे, पंचनामा करायचा, आणि तो मुद्देमाल म्हणून जमा करायचा. मुद्देमाल सोडवायला मालकाला कोर्टात अर्ज करावा लागतो. शुक्रवार चालू होता, पुढे दुसरा शनिवार आणि रविवार, कोर्ट बंद. चोर सापडला असता, पासपोर्ट सापडला असता, आणि मास्तरांचे विमान त्यांच्याशिवाय गेले असते. ज्याच्यासाठी चोरी केली ते काम पोलिसांनीच पुरे केले असते.

"आत ठेवा ते परत," मी म्हणालो. "जिथं होतं तिथं."

तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने पासपोर्ट पुन्हा गोणीत खुपसला. बाईंनी फोन करून मास्तरांना बायकोसह बोलावून घेतले.

मास्तर आले आणि सगळे कळल्यावर त्यांनी ओरडून सगळी आळी गोळा केली असती. "याला आत टाका साहेब. माझ्या घरात जेवतो आणि माझ्याच देव्हाऱ्यात हात घालतो." मी त्यांना शांतपणे दोन रस्ते सांगितले. तक्रार द्या, मी आत्ता गुन्हा दाखल करतो आणि पासपोर्ट जमा करतो. नाहीतर समजा की पासपोर्ट तुमच्याच माणसाच्या घरी सापडला. मास्तर ओट्यावर बसले.

मग जोडीदार बोलला. आवाज चढवला नाही. "मंडलाला फोटो कोनचे पाठवलेस, ते सांग साहेबाला."

मंडळाला पाच रांगोळ्यांचे फोटो गेले होते. पाचही दोघांनी मिळून काढलेल्या. पाचही चेहरे याने काढलेले, बाकीचे मास्तरांनी. मंडळाने दोघांनाही बोलावले. याचा व्हिसा नाकारला गेल्यावर मास्तरांनी मंडळाला कळवले की एकटा येतो, काही अडचण नाही. चेहरे कोण काढतो, हे सांगितले नाही.

"सांगितलं असतं तर माझंही जाणं रद्द झालं असतं," मास्तर पुटपुटले. "तीस वर्षं याच्या मागे उभा राहून साड्या काढल्या. लोक येतात, तोंड बघतात, याला शाबासकी देतात. एकदा तरी मला वाटलं..."

वाक्य त्यांनी पुरे केले नाही. मला पुरे करायची गरज नव्हती. एकाला दुसऱ्याच्या हाताचा हेवा आणि दुसऱ्याला पहिल्याच्या कागदांचा. आणि दोघांकडे पाहणारा मी, ज्याच्याजवळ यातले काहीच नव्हते.

मी माझी अट सांगितली. पासपोर्ट गोणीतून बाहेर येण्याआधी मंडळाला फोन लावायचा आणि खरे सांगायचे. ही अट कुठल्याही कायद्यात नाही, हे मास्तरांना ठाऊक होते आणि मलाही. निर्णय त्यांच्या बायकोने केला. "लावा ना फोन," ती म्हणाली. "खोटा बोलून तिथं जाशीला, आन तोंड बिघडला तं मग? या भावोजींचा नाव घ्या."

फोन लागला. मास्तरांनी अडखळत सगळे सांगितले, फक्त चोरीचे सोडून. स्पीकरवर मंडळाच्या कार्यवाह बाईंचा आवाज आला, "अहो मास्तर, हे आधी सांगायचं ना. ते चेहरे बघूनच तर आम्ही बोलावलं. त्यांनाच आणायला हवं होतं. आता काय करायचं? एका आजींची रांगोळी ठरलीये, जाहिरात झालीये."

जोडीदार हे ऐकत होता. त्याला विमानात बसायचे होतेच, पण त्याहून जास्त हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायचे होते, असे मला त्याच्या चेहऱ्यावरून वाटले. तो मास्तरांना म्हणाला, "पाठमोरी काढ म्हातारी. तुलशीला पानी घालताना. लुगडा तुला जमतो. तोंड मात्र काढू नको."

कार्यवाह बाईंना कल्पना पसंत पडली. जोडीदाराने गोणीत हात घातला. पासपोर्ट त्याने मास्तरांच्या हातात दिला नाही, त्यांच्या बायकोच्या हातात दिला. मी डायरीत लिहिले की हरवलेला पासपोर्ट परिचिताच्या घरी मिळून आल्याचे तक्रारदाराने कळवले, तक्रार नाही. नियमाने पाहिले तर ही माझी चूकच. तेव्हाही कळत होते.

मास्तर रविवारी गेले. आठवड्याने त्यांनी मला फोटो पाठवला. पाठमोरी म्हातारी, हिरवे लुगडे, अंबाड्यात एकच फूल. सुंदर होती. तोच फोटो घेऊन मी मुद्दाम जूचंद्रला गेलो. जोडीदाराने मोबाइल डोळ्यांजवळ धरला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, लुगड्याच्या घड्या पाहिल्या, फूल पाहिले.

"मान जरा लांब जाली," तो म्हणाला. मग मोबाइल परत देताना म्हणाला, "लुगडा बरा काढलान. असा मना नाय येत." आणि त्याचा चेहरा पुन्हा तसाच झाला, त्या दिवशी ओट्यावर व्हिसावरच्या फोटोबद्दल बोलताना झाला होता तसा.

पोलिसाला शिकवतात की गुन्ह्यामागे लोभ शोधा, सूड शोधा. या प्रकरणाने मला एक वेगळी गोष्ट शिकवली. हेवा करणारा माणूस दुसऱ्याच्या वस्तूकडे तिच्या मालकाहून जास्त बारकाईने बघतो. मास्तरांना विचारले असते की व्हिसावरच्या फोटोत नाकाची सावली आहे का, तर त्यांना सांगता आले नसते. आणि हेव्याला कायद्यात कलम नाही. तो चोराकडे असतो, फिर्यादीकडे असतो, आणि टेबलामागच्या खुर्चीतही बसलेला असतो. त्याच्या बोलण्यातली जी चूक पकडायला मला तोवरचा चोवीस वर्षांचा अनुभव लागला असे मी सहकाऱ्यांना सांगत आलो, ती खरे तर माझ्या पोटदुखीने पकडली होती.

पुढच्या वर्षी मंडळाने दोघांनाही रीतसर निमंत्रण पाठवले, जोडीदाराचे नाव आधी. एजंटाने त्याच्या पाट्यांच्या कामाची बिले जमवली, ग्रामस्थांची पत्रे जोडली. व्हिसा पुन्हा मास्तरांनाच मिळाला. याचा अर्ज त्याच कारणाने परत आला. कागदोपत्री तो अजूनही परत न येणारा माणूस होता, जो आयुष्यात जूचंद्र सोडून कुठे राहिला नव्हता.

मास्तरांनी मला विमानतळावरून फोन केला. मला वाटले, पुन्हा पासपोर्ट गेला. पण तसे नव्हते. जोडीदार त्यांना सोडायला आला होता. घरातून निघताना त्यानेच पासपोर्ट मागून घेतला आणि गाडीत पूर्ण वाटेत मांडीवर धरून बसला. प्रवेशदाराशी रांग पुढे सरकली, जवानाने कागद मागितले, तरी तो पासपोर्ट उघडून व्हिसाच्या पानावर अंगठा फिरवत होता. मागचे लोक कुरकुरायला लागले. मास्तर म्हणाले, "साहेब, मी मागितला नाही. गप्प उभा राहिलो." मग त्याने पासपोर्ट मिटला आणि त्यांच्या हातात दिला.

त्याच्या जागी मी असतो तर दिला असता की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.